साडूंनी ताणलेली बाज

बायकोवर माझ्या साडूंइतकं प्रेम करणारा नवरा अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडणार नाही, आणि इतकं प्रेम मिळून इतकी कोरडी राहिलेली बायकोही सापडणार नाही. हे मी मोजूनमापून लिहितो आहे. साडू वरठीच्या कारखान्यात फिटर. लग्नाला बावीस वर्षं झाली. तेवढ्या काळात मेहुणीच्या शिलाई मशीनला तेल मिळालं नाही, असा एक महिना गेला नाही. तिच्या चपलेचा अंगठा तुटायच्या आधीच शिवलेला असे. एकदा ती तापाने पडली होती. म्हणाली, "जरा उशाशी बसा." साडूंना डोक्यावरच्या पंख्याचा आवाज वेगळा वाटला. शिडी आणून दोन तास ते पंख्याच्या उशाशी होते. ताप आपोआप उतरला, पंखा मात्र अजून उत्तम चालतो.

मुलीचं लग्न लागलं आणि पंधराव्या दिवशी मेहुणी आसगावला माहेरी गेली, ती परतलीच नाही. साडू दर रविवारी मोटारसायकलने तिला आणायला जात. तिथला नळ, पाण्याची मोटार, फाटकाची कडी दुरुस्त करून संध्याकाळी एकटेच परत येत. सातव्या रविवारी त्यांनी मला सोबत नेलं. वाटेत म्हणाले, "भाऊ, तिले कायची कमी पडू देल्ली मी? तुमीच सांगा." मी मनात हिशेब करून पाहिला. कमी सापडेना.

मेहुणी अंगणात बाजेवर बसली होती. मला म्हणाली, "भाऊजी, तुमच्या साडूले सांगा, आज पाना पिशवीतच राहू द्या. पाच मिनिटं माह्याजवळ बसले, तं मी आजच येते. गाडीवर मी बसतो, तुमी एसटीनं या."

साडू बसले. बाज जुनी, दोरी सैल. दोघंही मधल्या खोलगटात घसरली आणि खांद्याला खांदा लागला. मेहुणी हसली. मी घड्याळाकडे पाहत होतो. चौथ्या मिनिटाला साडू म्हणाले, "उठ बरं जरा. बाज लय ढिली होऊन राहिली."

ती उठली. आत चहा ठेवायला गेली. साडूंनी दोरी अशी ताणली, की आता तिच्यावर दोघं बसली तरी आपापल्या जागीच राहतील.

परतताना मागच्या सीटवर मीच होतो. "आता तिले बसाले बरं वाटन ना, भाऊ?" त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

ती बाज अजून तशीच ताठ आहे. परवा गेलो तेव्हा मेहुणी तिच्या एका कडेला बसली होती. दुसरी कड तिने मोकळी ठेवली होती.