सरांच्या आवाजामागे

माझी आत्या लोकांच्या घरगुती व्हिडिओंमधले बुडालेले आवाज वर काढून देते. काम घेऊन आलेल्या माणसाला ती आधी एकच अट घालते. "त्यात कोण काय बोललंय ते मला सांगू नका." माणसं बिचकतात. डॉक्टरकडे जायचं आणि कुठे दुखतंय ते सांगायचं नाही, असला हा प्रकार. पण आत्याचं म्हणणं, एकदा सांगितलं की कान तेवढंच ऐकतो. म्हणून ती तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकते, दरवेळी वहीच्या नव्या पानावर पेन्सिलीने लिहिते आणि तिन्ही पानांवर जे सारखं उतरलं तेवढंच खरं धरते.

ही सवय टेलिफोन बोर्डवरची. बावीस वर्षं ती एका कारखान्यात ऑपरेटर होती. लांबून आलेल्या, अर्ध्या विरलेल्या आवाजातून माणूस आणि खातं ओळखायचं आणि लाइन जोडून द्यायची. मग बोर्ड बंद झाला. शेचाळिसाव्या वर्षी ती कॉम्प्युटरच्या क्लासला गेली, तेव्हा विशीतली पोरं तिला बाई समजून उठून उभी राहिली. "बसा बसा, मीही नापास व्हायलाच आलेय," असं म्हणून ती मागच्या बाकावर बसली.

आता बंद केलेल्या गॅलरीत तिचं काम चालतं. भिंतींवर जुन्या रजया ठोकल्यात. घरघर नको म्हणून ती काम करताना फ्रिज बंद करते आणि नंतर चालू करायला विसरते. आमच्याकडे दूध नासण्याचं दुसरं कारण नसतं.

सर आले ते जिन्यातूनच कळलं. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर लाउडस्पीकरशिवाय कवायत घेतलेला माणूस. "इथेच का हो ते आवाजाचं?" हे त्यांनी पहिल्या मजल्यावर विचारलं आणि आम्ही तिसऱ्यावर दार उघडलं.

"ताई, ही कॅसेट एकाकडे देऊन झाली. त्याने आवाज वाढवून दिला. आता मी नुसता गडगडतो आणि ही होती तिथेच."

'ही' म्हणजे त्यांची बायको. मुलगी पाच वर्षांची असताना ती गेली. तिचा आवाज असलेली एवढी एकच कॅसेट, अकरा मिनिटांची. कॅमेरा अर्थातच सरांच्या हातात.

"मागच्या महिन्यात मुलीने फोनवर विचारलं, बाबा, आईचा आवाज कसा होता? मला सांगता येईना. उंची सांगता येते, रंग सांगता येतो. आवाज कसा सांगायचा?" सर खाली बघून म्हणाले. "रविवारी ती येतेय. तोवर होईल?"

"बघते," आत्या म्हणाली. ती 'होईल' कधीच म्हणत नाही.

"त्यात ती म्हणतेय की—"

"सांगायचं नाही, सर!"

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला लगेच उपाय सुचला. "आत्या, अख्ख्या फाइलचा आवाज एकसारखा करणारं बटण आहे. दाब की!"

"तुझं बटण सगळ्यांना एकाच शिडीवर चढवतं. सर चढले, पंखा चढला, ही बाई खालीच राहिली. आधी ती खाली का गेली ते बघू."

तिने पडद्यावर आवाजाची रेघ मोठी करून दाखवली. जुन्या कॅमेऱ्यात आवाज आपोआप कमी-जास्त करायची सोय असते. जवळ कुणी जोरात बोललं की कॅमेरा सगळाच आवाज खाली खेचतो आणि मग तीन-चार सेकंदांत सावकाश पूर्वीच्या जागी आणतो. रेघेवर डोंगर होते. प्रत्येक डोंगर म्हणजे सर. "इकडे बघ! कॅमेऱ्यात बघ! शाब्बास!" प्रत्येक डोंगरानंतर खोल घळ, हळूहळू वर येणारी. घळ पुरती भरायच्या आत पुढचा डोंगर. बायको जे काही बोलली होती ते सगळं घळीत.

"ती हळू बोलत नव्हतीच गं," आत्या म्हणाली. "यांनी बोलू दिलं नाही."

मग तिने हाताने उलटी रेघ आखायला घेतली. कॅमेऱ्याने जिथे जेवढं खाली खेचलं, तिथे तेवढंच वर उचलायचं, अर्ध्या अर्ध्या सेकंदाचा तुकडा घेऊन. उचललं की खोलीतला पंखाही उचलला जायचा. सुरुवातीला दोन सेकंद कुणी बोलत नव्हतं, तिथून तिने पंख्याची गुणगुण ओळखून घेतली आणि सगळीकडून थोडी थोडी कमी केली. पूर्ण पुसली नाही. पूर्ण पुसली की माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. तीन दिवस, तीन पानं. दोनदा दूध नासलं.

शुक्रवारी तिने सरांना बोलावलं, शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि रेघ दाखवून सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. मला वाटलं, कशाला? बिचारे ऐकून घरी गेले असते. सरांनी पडद्यावरच्या एका डोंगरावर बोट ठेवलं.

"म्हणजे कॅमेरा खराब नव्हता."

"नाही, सर."

मग तिने व्हिडिओ लावला. चार वर्षांची मुलगी पायरीवर बसलेली, बूट घातलेले. आई पुढे वाकलेली, तिची पाठ कॅमेऱ्याकडे. आणि थोडा घोगरा, हसू दाबल्यासारखा आवाज आला. "हा सशाचा एक कान. हा दुसरा. आता कानाखालून कान. पळाला बघ बिळात! बाबांना ओरडू दे, तू इकडे लक्ष दे."

सरांनी तो तुकडा चार वेळा लावायला सांगितला. "बुटांची नाडी बांधायला मी शिकवलं तिला," ते म्हणाले. "तीस वर्षं सांगतोय सगळ्यांना. कॅमेरा धरून समोर उभा होतो की मी." मग एकदम म्हणाले, "माझा आवाज काढून टाका, ताई. सगळा."

"कमी करते. काढत नाही. तुम्हाला काढलं तर ती कुणाला हसतेय तेच कळायचं नाही."

"मुलीला आवडणार नाही."

"ते तिला ठरवू दे."

रविवारी बापलेक आले. मुलीच्या कानांवर आत्याने हेडफोन चढवला. सर दाराशी उभे, हात मागे, कवायतीत 'विश्राम' म्हटल्यावर राहतात तसे. मुलगी ऐकत होती. मध्येच ती वाकून स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली.

"बाबा, नाडी तर तुम्ही शिकवली होती ना?"

"नाही गं." सरांना एवढ्या हळू बोलताना आम्ही पहिल्यांदा ऐकलं. "मला वाटायचं, मीच."

"मला शंका होतीच. तुमच्या शिकवण्यात ससा आलाच नसता. तुम्ही शिट्टी वाजवून शिकवलं असतं."

सर हसले, पण ते हसणं अर्ध्यावरच थांबलं. ती मात्र मोकळी हसली. ते हसू घोगरं होतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग मुलीने खूण केली, पुन्हा लावा. आत्याने पहिल्यापासून लावलं आणि यावेळी हेडफोन काढून स्पीकर चालू केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. पंख्याची बारीक गुणगुण सुरू झाली.

"आता बघ हां, इथे ती जे म्हणते ना—" सर पुढे सरसावले.

"बाबा, शू."

आणि सर गप्प बसले. अकरा मिनिटं.