खांद्याइतका कट्टा

भिवंडीच्या स्टँडवर उतरले तेव्हा मागच्या गल्लीतून लूमची खडखड अखंड येत होती. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय. पस्तीस वर्षं लोकांच्या रोजच्या वापरातल्या गोष्टी आखत आले: गावातले पाणवठे, दवाखान्यातले बाक, शाळेतल्या हात धुवायच्या मोऱ्या. अशा वस्तूवर आपलं नाव घालायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम. तरुण सहकाऱ्यांना तो मी मोठ्या तोऱ्यात शिकवला, आणि आता उतारवयात माझंच मन लबाडी करू लागलंय. कुणीतरी एकदा म्हणावं, की हे या बाईंनी केलं. म्हणून माझं पहिलं काम बघायला निघाले होते, दिघाशीच्या वाटेवरचा एक कट्टा. तो जिच्याबरोबर आखला त्या सोनीबाईला तरी मी आठवत असेन, अशी आशा होती.

रिक्षावाले निसारभाई माझ्याच वयाचे, जुने भिवंडीकर. दिघाशी म्हटल्यावर त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"वहां क्या है, बाई? वज्रेश्वरीला चला ना. गरम कुंडात पाय सोडून बसा, गुडघे एकदम खुश."

"गुडघे बरे आहेत हो. कट्टा बघायचाय."

"कट्टा? मग इतकं लांब कशाला, आमच्या मोहल्ल्यात पन्नास कट्टे हाय."

शेलार गावाच्या पुढे टायर बसला. ते चाक बदलेपर्यंत मी शेजारच्या टपरीवर भाकरी आणि जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) खाल्ला. पूर्वी इथून पार डोंगरापर्यंत भातखाचरं दिसायची. आता गोदामांचे पत्रे दिसतात. जुना हिरवा रंग डोळे शोधत राहिले, आणि जवळा तिखट होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी नेमकं कशानं आलं ते सांगता येणार नाही.

त्या वेळी मी नुकती शिकून आलेली, कागदावर एक देखणा बाक काढून गावात गेले होते. मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या बायकांना वाटेत बसायला. सोनीबाईनं चित्र बघितलं आणि हसून हसून तिला ठसका लागला. "बसायला कोनाला येळ हाय? मोळी खाली टाकली तं परत डोईवर चढवाला दुसरी बाय लागते." मग ती स्वतः वाटेच्या कडेला ताठ उभी राहिली. तिच्या खांद्याला टेप लावून आम्ही उंची ठरवली. कट्ट्याला पाठ लावायची, मान जरा मागे करायची, मोळी सरकून कट्ट्यावर. दम खाल्ला की तशीच पुन्हा डोक्यावर. कुणाचा हात लागत नाही.

कट्टा अजून होता. वरचा दगड झिजून गुळगुळीत झाला होता. गॅस आला तरी मोळ्या थांबलेल्या नव्हत्या. पन्नाशीची एक बाई उतरत आली, कट्ट्याला पाठ लावली, मोळी सरकवली आणि पदरानं मान पुसली. मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, "हा कट्टा कुणी बांधला?"

"माज्या आयनं," ती म्हणाली. ही सोनीबाईची मुलगी, बारकी. "एक शिकलेली बाय आलती. तिला कायबी ठावं नव्हतं. आयनंच तिला शिकवलं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मला हसू आलं. "तू पाहिलंस का त्या बाईला?"

"न्हाय. मी तवा वसईला वीटभट्टीवर व्हती. आयचं आयकलंय. ती बाय बोलली व्हती, कट्टा झाला का मी बगाला येन. आय रोज हितं यून बसायची. वारली त्या सालाला पन बोलली, ती बाय येल, तिला भाकर द्या."

मी म्हणाले होते खरं. कट्टा व्हायच्या आत दुसऱ्या तालुक्यातलं काम आलं, मग तिसऱ्यातलं. कामं चांगली होती, लोकांच्या उपयोगाची होती, आणि प्रत्येक गावातून निघताना मी हेच म्हणत आले, की बघायला परत येईन. ते आठवण्यासाठी मला थांबावंसुद्धा लागलं नाही.

"ती बाई मीच," मी म्हणाले.

बारकीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. रागावली नाही.

"मंग यायचं ना, बाय," ती एवढंच म्हणाली. मोळी डोक्यावर घेऊन पुढे झाली, चार पावलांवर वळून बघितलं. "चला घरी. भाकर हाय."

परतीच्या वाटेवर निसारभाईंनी विचारलं, "झालं काम?" जन्मभर वही घेऊन गावोगाव विचारत फिरले, तुम्हाला काय हवंय? सोनीबाईचं उत्तर मी कट्टा असं लिहून घेतलं आणि निघाले. तिला हवं होतं ते माझं परत येणं.