बरणीतल्या माशा

चाळीस म्हशींच्या त्या गोठ्यात त्यांना सगळे पंपवाल्या मावशी म्हणत. तोंडाला फडकं, पाठीवर फवारणीचा पंप. तेरा वर्षं माशा मारणं हेच त्यांचं काम. आधी पंपात एक झाकण औषध पुरायचं, आता तीन झाकणं घालूनही माशा जशाच्या तशा. त्यात अंगणात मालकांची नातवंडं रांगत. औषध वाढवताना मावशींचा जीव खालीवर व्हायचा.

एका सकाळी मालकांनी विचारलंच. "मावशी, खरं सांगा, पंपात औषध असतं की नुसतं पाणी? सोमवारपासून मी ठेकेदाराची माणसं लावतोय."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाणी? थांबा, दाखवते!"

त्यांनी तिथल्या तिथे फवारा मारला. दहा मिनिटांत माशा टपाटप पडल्या. मावशींनी त्या केरसुणीने गोळा केल्या, काचेच्या बरणीत भरल्या, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं आणि बरणी मालकांच्या टेबलावर आदळली. "घ्या! मोजत बसा!"

मालक वरमले. मावशी ताठ मानेने निघून गेल्या.

चार वाजता बोलावणं आलं. म्हशी तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईही तिथेच होत्या. आणि बरणी? बरणी चक्क गुणगुणत होती! निम्म्या माशा तळाशी निपचित, पण उरलेल्या काचेवर तुरुतुरु चढत होत्या.

"झोपेचं औषध मारता काय हो?" मालक पोट धरून हसले.

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बरणीवरची नजर हटेना. एकदम त्या ओरडल्या, "हसू नका, मालक! पडलेल्या माशा मी रोज झाडून कुठे टाकते?"

"शेणाच्या उकिरड्यावर."

"म्हणजे माशीच्या बाळंतपणाच्या खोलीत! मेल्या समजून मी त्यांना माहेरी पोचवत होते!"

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्याच. "अगदी बरोबर! कमजोर होत्या त्या मेल्या. चिवट होत्या त्या शुद्धीवर आल्या, त्यांनीच अंडी घातली. त्यांची पिल्लंही तशीच चिवट. पिढीमागून पिढी."

"म्हणजे तेरा वर्षं मी वेचून वेचून पैलवान पोसले?"

"आणि झाकणं वाढवलीत, तसे आणखी तगडे पैलवान उरले."

मालकांचं हसू विरलं. "मग आता काय करायचं?"

मावशींचे डोळे लकाकत होते. "अळीची माशी व्हायला आठवडा तरी लागतो ना, बाई? मग दर तिसऱ्या दिवशी शेण उचलायचं, पातळ पसरून उन्हात वाळवायचं. माशी जन्मालाच येऊ द्यायची नाही! पडलेल्या माशा साबणाच्या पाण्यात. आणि पंप रजेवर. मालक, मला एक महिना द्या."

ठेकेदाराला महिनाभर थांबायचा निरोप गेला. मावशी फावडं घेऊन उकिरड्यावर तुटून पडल्या. पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसेना. मावशींना जेवण गोड लागेना. दुसऱ्या आठवड्यात म्हशींच्या शेपट्या जरा थंडावल्या. महिना भरला त्या दिवशी धाकटा नातू अंगणात उघड्यावर झोपला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकही माशी नव्हती. मालकांनी ते पाहिलं. मग ठेकेदाराला फोन लावून म्हणाले, "नको, आमच्या मावशी आहेत."

पंप खुंटीला टांगलाय. त्यावर कोळ्याने जाळं विणलंय, पण मावशी ते झाडत नाहीत.

"असू दे," म्हणतात, "तो माझ्याच कामावर आहे."