डाव्या हातावरची गांध

"दाखवा आधी." मामांचं हे ठरलेलं वाक्य. एसटीत कंडक्टर होते, सगळेच त्यांना मामा म्हणत; तिकीट बघायची सवय. पण लातूरच्या ज्या लॅबमध्ये मी रक्त काढते, तिथेही सुईचं पाकीट फोडलेलं नाही ना, हे पाहिल्याशिवाय ते बाही वर करत नसत. तुमच्याही ओळखीत असा एखादा संशयी प्राणी असेलच.

मामांच्या अंगावर रोज पित्ताच्या गांधी उठायच्या. पहाटे ओठ सुजायचा, आणि निलंग्याची फेरी संपवून दवाखान्यात येईपर्यंत अंग कोरं. रजेसाठी नाटक करतोय, असं एका डॉक्टरांना वाटलं. आमसुलाचं पाणी लावून झालं, घोंगडी पांघरून झाली.

मग मामांचा संशय बायकोवर गेला. दुसरं लग्न, मामी मुखेडच्या. लग्न झालं त्याच पावसाळ्यात गांधी सुरू झाल्या होत्या.

"ताई, ही जेवणात कायतरी घालून राहिली," ते मला म्हणाले.

शेवटी त्यांनी मामींना मुखेडच्या गाडीत बसवून दिलं. गांधी थांबल्या नाहीत.

"मामा, आता तर मामी घरात नाहीत," मी म्हणाले.

"मसाल्यात कालवून गेली असंल."

मला त्यांचा रागच आला.

पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी वाढलेल्या निघाल्या. शरीर स्वतःवरच उलटलंय का, हे पाहायला आणखी एक तपासणी होती. त्याआधी पित्ताच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. मामांचंच रक्त काढायचं, त्यातलं पिवळसर सीरम वेगळं करायचं आणि त्यांच्याच डाव्या हाताच्या कातडीत टोचायचं. शेजारी नुसतं मिठाचं पाणी, फरक कळावा म्हणून. मामांनी नळीवर स्वतःच्या पेनाने खूण केली, रक्त फिरवून सीरम वेगळं करणाऱ्या मशीनपाशी उभे राहिले. थोड्या वेळाने सीरमच्या जागी लालबुंद गांध उठली. मिठाच्या पाण्याची जागा तशीच होती.

"म्हणजे माझंच रक्त?" ते हातावरून नजर काढेनात.

तसेच मुखेडला गेले. मामी दारातच म्हणाल्या, "दाखवा आधी." बाही वर केली, तर गांध विरलेली.

दुसऱ्या दिवशी मामा परत हजर. "तिच्यासमोर टोचा." त्यासाठी गोळ्या पुन्हा काही दिवस बंद ठेवायच्या होत्या. मामांनी ठेवल्या. आले तेव्हा मान, पाठ, पोट, सगळं सुजून लाल झालं होतं. सोबत मामी, हातात डबा. याही वेळी गांध उठली. मामींनी तिच्या कडेवरून हलकेच बोट फिरवलं.

"आग होतीय का?"

"हाव."

"रक्ताची खात्री पटली तुमची. माझी कवा पटणार?" डबा टेबलावर ठेवून त्या निघाल्या. मामांनी झाकण उघडलं, भाकरीचा तुकडा सवयीने नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली ठेवला. मग डबा उचलून मामींच्या मागे धावले.

त्यानंतर मामा लॅबमध्ये आले नाहीत. बदली मागून मुखेडला गेले. गोळ्या चालू आहेत म्हणे. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर सांगतो, दुपारी स्टँडवर मामी डबा घेऊन येतात. पहिला घास स्वतः खाऊन दाखवतात, मगच डबा मामांपुढे सरकवतात. रोज. मामा तोवर मान खाली घालून बसतात.