हिरव्या बनातीचे दार

केळशीकर सरांची आणि माझी ओळख एका चुकीमुळे झाली. पुण्याहून सिडनीला येऊन मला महिनाही झाला नव्हता. पॅरामाटातल्या त्यांच्या कार्यालयात जुन्या इमारतींच्या जतनाची कामे होत. माझ्यापुढे इंग्रजी धाटणीच्या एका जुन्या घराचा नकाशा होता. दिवाणखाना दक्षिणेला पाहून मी शेरा लिहिला, ‘भरपूर ऊन’. सरांनी तो वाचला.

“कुठला तू?”

“साताऱ्याकडचा, सर.”

“तिथे असेल ऊन. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, बाबा. या घराच्या मालकाने इंग्लंडमधल्या एका घराचा नकाशा जसाच्या तसा उचलला आणि जन्मभर पाहुण्यांना गारठवलं. तू निदान कागदावरच चुकलास.”

इंग्लंडमधले ते मूळ घर हा सरांच्या अभ्यासाचा विषय. बाकीचे अभ्यासक दर्शनी खांबांपासून सुरुवात करत. सर स्वयंपाकघरापासून करत. “जेवण किती लांबून येतं ते बघ, म्हणजे घर कळतं,” असे ते आम्हा हाताखाली शिकणाऱ्यांना सांगत. त्या घरात नोकरांची वाट आणि मालकांच्या खोल्या यांच्यामध्ये हिरव्या बनातीने, म्हणजे जाड लोकरी कापडाने, मढवलेले एक जाड दार आहे. त्याविषयी सर म्हणत, “इतकी सुंदर कारागिरी, आणि कशासाठी? माणसं ऐकू येऊ नयेत म्हणून.”

हे सारे त्यांनी नकाशांवरून जाणले होते. घर मात्र पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर मोजमापाची परवानगी मिळाली, तिकिटे निघाली, आणि करोनामुळे सीमा बंद झाल्या. सरांच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार तेव्हा वाढू लागला होता. अखेर तिथल्या व्यवस्थापक बाईंनी व्हिडिओवरून घर दाखवायचे कबूल केले.

नेमक्या त्या ठरलेल्या दिवशी पहाटे गावी माझे वडील वारले. विमाने नव्हती. मी ब्लॅकटाउनच्या माझ्या घरात फोनसमोर बसून अंत्यविधी पाहत होतो. देवधर्म न मानणारे सर आपल्या घरून त्याच कॉलवर शेवटपर्यंत माझ्यासोबत जोडलेले राहिले, हात जोडून.

“सर, आज तुमचं घर बघायचं होतं.”

“दोनशे वर्षं उभं आहे ते, पळत नाही. तू समोर बघ.”

घर पळाले नाही, पण दुसऱ्याच दिवशी तिथल्या टाळेबंदीत त्याला टाळे लागले आणि बाई आपल्या गावी गेल्या. काही महिन्यांनी ते उघडले, तोवर सरांची नजर जवळजवळ गेली होती. सरांनी हे एकदाही बोलून दाखवलेले नाही. माझ्या मनातून ते जात नाही.

व्हिडिओच्या वेळी मी वेंटवर्थव्हिलला सरांच्या घरी त्यांच्याशेजारी बसलो होतो. बाई छतावरचे नक्षीकाम दाखवू लागल्या.

“छत राहू दे, मॅडम. स्वयंपाकघरातून चालत या.”

“तिकडे कोणी बघत नाही हो.”

“म्हणूनच.”

बाईंच्या बुटांचा आवाज आधी दगडावर वाजला, मग लाकडावर. बनातीच्या दाराशी सरांनी त्यांना फोन अलीकडे ठेवून पलीकडे जायला आणि दार लावून बोलत राहायला सांगितले. फोनमधून काही ऐकू येईना.

“गेला वाटतं फोन,” सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या.

“नाही गं. दार लागलंय,” सर म्हणाले, आणि कान देऊन बसून राहिले.

दार उघडून बाई हसत म्हणाल्या, “मी चक्क गाणं म्हटलं. ऐकलंत?”

“नाही,” सर म्हणाले. “थँक यू.”

फोन ठेवल्यावर ते एवढेच बोलले, “बनातीवरून हात फिरवायचा होता रे.”

आता सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्या घरावरचे पुस्तक ते तोंडी सांगतात, आम्ही विद्यार्थी आळीपाळीने लिहून घेतो. रोज पूजेला बसलो की मी त्यांच्यासाठी आरोग्य मागतो. नजर मागताना शब्द अडतो, तरी मागतो. सरांना हे ऐकून हसू येईल. त्यांना भरभरून आयुष्य लाभो. आणि देव देईल त्या वर्षांतल्या एखाद्या वर्षी मला त्यांचा हात धरून त्या दारापर्यंत नेता येवो.