मधल्या रेघेवरचं गवत

जमैकाच्या डोंगरातल्या आमच्या ग्लेनबर्वीच्या मुलांच्या शाळेला मैदान एकच. सप्टेंबरपासून नाताळाच्या आधीपर्यंत त्यावर फुटबॉल, जानेवारीपासून ईस्टरपर्यंत क्रिकेट. आणि त्या मैदानाला माणूसही एकच, लिनव्हल पिनॉक. पोरं त्याला मान देऊन मास लिनी म्हणायची, मास म्हणजे आमच्याकडे मास्तर किंवा मालक. मी नुसतं लिनी म्हणायचे. त्याची बायको आयोनी माझी चर्चमधली जिवाभावाची मैत्रीण, आणि शाळेचं कँटीन मी एकतीस वर्षं चालवलेलं. इतकी वर्षं ज्याला शनिवारचं सूप वाढलं, त्याला मास-बिस कोण म्हणत बसणार?

कँटीनच्या खिडकीतून सगळं मैदान दिसतं. सकाळी डोंगरावरून धुकं उतरतं तेव्हा गोलचे खांबसुद्धा दिसत नाहीत. नुसता लिनी दिसायचा, तोही कमरेपासून वर, चर्चमधलं काहीतरी गुणगुणत कुठेतरी निघालेला. कुठे, ते त्यालाही माहीत नसावं. पोरं म्हणायची की मास लिनी चालता चालता झोपतात. तसा तो होताच. मला एकदा म्हणाला की क्रिकेटच्या दिवसांत दुपारी डोळे मिटले की त्याला फुटबॉलची पोरं धावताना ऐकू येतात, आणि फुटबॉलच्या दिवसांत बॅटचा ठोका. मी म्हटलं, म्हणजे तुझं समोर कधीच लक्ष नसतं. त्यावर तो बराच वेळ विचार करून हो म्हणाला. असल्या माणसाशी भांडायची सोय नसते.

पण पिचच्या बाबतीत तो जागा असायचा. आमच्याकडची लाल माती पिचला चालत नाही, म्हणून खालच्या ऊसपट्ट्यातून काळी चिकट माती ट्रकने यायची. लिनी ती चाळायचा, भिजवायचा, दाबायचा. शाळेत उशिरा येणाऱ्या पोरांना शिक्षा म्हणून रोलर ओढायला लावत, आणि काही पोरं तर मुद्दाम उशिरा यायची, कारण लिनी रोलरच्या पुढे उलटा चालत त्यांना गोष्टी सांगायचा. एवढं करूनही शालेय क्रिकेटची फायनल आमच्या मैदानावर कधी झाली नव्हती. डोंगरातलं फुटबॉलचं मैदान ते, तिथे कसलं क्रिकेट, असं किंग्स्टनची माणसं म्हणायची. ऐकून माझं डोकं फिरायचं. लिनी आपली माती चाळत राहायचा.

त्या वर्षी ईस्टरनंतर त्याची नोकरी संपणार होती. एक फायनल माझ्या पिचवर बघून मग जाईन, एवढं एकच त्याने मला बोलून दाखवलं होतं. हेडमास्तरांनी शालेय क्रिकेट मंडळाकडे अर्ज केला. मंडळाचं उत्तर आलं की मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे तपासनीस मिस्टर ओगिल्वी पिच बघून ठरवतील. आता याच्या आधीच्या ऑक्टोबरात लिनीने काय करून ठेवलं होतं, ते सांगते.

ऑक्टोबरात पाऊस असा की चुन्याच्या रेघा सकाळी मारल्या तर दुपारी गायब. एका सामन्यात मधली रेघच दिसेना, ऑफसाइडवरून हाणामारी व्हायची वेळ आली. फुटबॉलचा कोच ग्रँडिसन तोंडाचा फटकळ. त्याने सगळ्यांसमोर लिनीला धारेवर धरलं. मग लिनीने गॅरेजमधून गाडीचं जळकं तेल आणलं. गावोगावच्या मैदानांवर तेलाच्याच रेघा असतात, गवत जळतं आणि रेघ वर्षभर टिकते. पण त्या मैदानांवर क्रिकेट कुठे असतं? आमच्याकडे मधली रेघ पिचवरूनच जाते. तिथे मात्र चुनाच मारायचा, हे त्याने मनाशी ठरवलेलंही होतं. तो डबा घेऊन निघाला, गुणगुणायला लागला, कुठल्याशा विचारात हरवला, आणि समोरच्या कडेला पोचला तेव्हा त्याला कळलं की तेलाचा डबा कुठेच थांबला नव्हता, पिचवरही नाही.

कुणाला बोलला नाही. आमच्या पोरांनी फुटबॉलचा चषक जिंकला, ग्रँडिसनने लिनीला खांद्यावर घेऊन मिरवलं, आणि हा वेडा वर बसून खाली त्या काळ्या रेघेकडे बघत होता. वाटलं होतं म्हणे, गवत परत येईल. कसलं येतंय! जानेवारीत गोलचे खांब निघाले, रोलर फिरला, नेट लागलं. एका टोकाच्या स्टंपांपासून आठ पावलांवर वीतभर रुंदीचा उघडा, तेलकट पट्टा आडवा पडलेला. गोलंदाज नेमका जिथे टप्पा टाकतो तिथेच. तिथे पडलेला चेंडू उसळायचाच नाही, जमिनीलगत सरपटत जाऊन पोरांच्या घोट्यावर बसायचा. दोन दिवसांत तीन पोरं लंगडत माझ्याकडे बर्फ मागायला आली.

लिनी त्या दिवशी कँटीनच्या पायरीवर येऊन बसला आणि सगळं ओकला. मी त्याला वाट्टेल ते बोलले. डोकं घरी ठेवून येतोस का, असंही म्हणाले. मग त्याच्या हाताकडे लक्ष गेलं. नखांत तेलकट माती होती, तो पट्टा खरवडून बघितला होता त्याने. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि स्वतःची लाज वाटली.

बी पेरलं तर गवत धरायला जून उजाडणार. दुसरीकडचं गवत लाल मातीतलं, ते तिथे वेगळंच वागलं असतं. काळ्या मातीतलं, तसंच दाबलेलं, तसंच कापलेलं गवत आणखी कुठे मिळणार? ते कुठे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण नाव कोण घेणार?

आयोनीला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आमच्याकडच्या रीतीने ती त्यांच्या अंगणातच पुरलेली आहे, फणसाच्या झाडापलीकडे, लिनीच्या आईबापाशेजारी. दरवर्षी पिच भरून उरलेली काळी माती लिनी पोत्यातून घरी न्यायचा आणि थडग्याभोवती पसरायचा. तिथलं गवत तो रविवारी कात्रीने कापायचा आणि पाण्याने भरलेलं पिंप त्यावरून फिरवायचा. एवढं सुंदर गवत अख्ख्या जमैकात नसेल. आम्ही तिला भेटायला गेलो की चपला काढून बसायचो.

"डेल," तो खाली मान घालून म्हणाला, "तिला राग येईल का गं?"

"मला काय विचारतोस? बायको तुझी."

"तुला सगळं सांगायची ती. मला कुठे काय सांगायची."

खरं ते खरंच होतं. मी म्हटलं, "राग तर येईलच. पण तू नाही नेलंस तर जास्त येईल. तुझं तोंड असं पडलेलं तिला कधी बघवलं नाही."

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघांनी ते काढलं. लिनी सपाट फावड्याने मातीसकट पट्टे कापायचा आणि मी ते ओल्या गोणपाटात गुंडाळायचे. थडग्याच्या एका बाजूला नुसती उघडी माती राहिली. शाळेत त्याने तेलाची माती हातभर खोल खणून काढली, खाली घरचीच काळी माती भरली आणि वर ते पट्टे बसवले. मग महिनाभर कोरड्या हवेत सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. हे गवत कुठलं ते आम्ही कुणालाच सांगितलं नाही. दुपारी तो तिथे पोटावर पडून जमिनीला कान लावायचा. काय ऐकतोस म्हणून विचारलं, तर म्हणाला, मुळं धरलीत का बघतोय. मी मान डोलावली. त्याच्यासोबत राहून मलाही असलं खरं वाटायला लागलं होतं.

ओगिल्वी आले. करड्या सुटातला उंच माणूस, चेहऱ्यावरची माशी हलू देत नव्हता. पिचवर चालले, अंगठ्याने दाबून पाहिलं, खिशातला चेंडू काढून जागोजागी टाकून पाहिला. आठव्या पावलावरही टाकला. चेंडू सरळ त्यांच्या हातात आला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. मी खिडकीत उभी, हातातला मासा कढईत सोडायचा राहून गेला. शेवटी ते लिनीला म्हणाले, "त्या पट्ट्यातलं गवत बाकीच्यापेक्षा चांगलं आहे. काय घालता त्याला?"

लिनी म्हणाला, "वेळ."

फायनल आम्हालाच मिळाली. मार्चच्या अखेरच्या शनिवारी समोरच्या टेकडीपर्यंत माणसं बसली होती. किंग्स्टनच्या शाळेशी सामना, आणि शेवटच्या षटकात दोन गडी राखून आमची पोरं जिंकली. पण लिनीला धावा किती झाल्या तेही माहीत नव्हतं. तो दिवसभर सीमारेषेवर माझ्या शेजारी उभा राहून त्या एकाच पट्ट्याकडे बघत होता. दिवसभरात दोनशेवर चेंडू त्यावर पडले असतील. प्रत्येक चेंडूला तो श्वास रोखायचा.

जिंकल्यावर आमच्याकडे जे होतं तेच झालं. माणसं दोर ओलांडून आत घुसली, ढोल आले, कुणी ट्रकवरचे स्पीकर लावले, आणि अख्खा गाव पिचवर नाचायला लागला. एरवी लिनी दाताळं उगारून एकेकाला हाकलायचा. आता तो जागचा हलेना. लोक नेमके तिथेच नाचत होते, टाचा रुतवून. माझा संताप अनावर झाला. मी एप्रन खोचून निघालेच होते, त्याने माझं मनगट धरलं.

"राहू दे, डेल."

"अरे, आयोनीच्या गवतावर नाचतायत ते."

"तेच म्हणतोय." त्याचे डोळे भरले होते. "नाचाचं किती वेड होतं तिला. तीस वर्षांत एकदा नेलं नाही मी. दर शनिवारी इथे सामना असायचा."

लिनीने दाताळं माझ्या हातात दिलं, बूट काढले, आणि त्या गर्दीतून वाट काढत आठव्या पावलावर जाऊन नाचायला लागला. फार वाईट नाचला. कुणाला काही कळलं नाही, पोरांनी त्याच्याभोवती फेर धरला आणि टाळ्या वाजवल्या.