शेवटच्या ओळीचा नियम

त्या महिन्यात मी रोज दत्तासमोर उभा राहायचो, पण मन चोराचं होतं. चूक माझी होती आणि ती माझ्या वर्गातल्या सुनंदाच्या नावावर लागली होती. देवाने हे प्रकरण परस्पर मिटवावं, मला तोंड उघडायला लागू नये, एवढंच मागणं होतं. असलं मागणं तो ऐकत असेल का, अशी शंकाही यायची.

वीसेक वर्षं झाली. मी सातपूरच्या एका कारखान्यात संगणक विभाग सांभाळायचो आणि रविवारी इंदिरानगरात दत्तमंदिराच्या सभागृहात एक वर्ग चालवायचो. जगभरातले लोक मिळून एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बनवत होते. तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काही बिघडलं की वापरणारे तक्रार लिहून पाठवत. त्यातली कुठली नवी, कुठली आधीच आलेली, कुठली अपुरी, हे निवडून देणारे स्वयंसेवक मी तयार करत होतो. आमच्या वाट्याला डिस्कचा, म्हणजे फायली साठवण्याच्या भागाचा, विभाग आला होता. आठ जण यायचे. त्यातली सुनंदा हरसूलच्या शाळेत कारकून होती. घरी संगणक नाही, एसटीने यायची, तरी सगळ्यांच्या पुढे.

मी त्यांना एक नियम शिकवला होता. बिघाडाच्या संदेशाची शेवटची ओळ सारखी दिसली, की दोन्ही तक्रारी एकच धरायच्या आणि नंतरची बंद करून टाकायची. काम भराभर उरकायचं आणि मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटायचं. सुनंदाने तशी एक तक्रार बंद केली. ती वेगळी निघाली. तक्रार करणाऱ्या माणसाच्या फायली कायमच्या गेल्या होत्या. या कामाच्या परदेशातल्या प्रमुखांनी तिचा तक्रारी हाताळण्याचा अधिकार काढून घेतला.

ती मला म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलं तसंच केलं ना मी?"

मी म्हणालो, "जरा बघून करायला हवं होतं."

पुढच्या रविवारी ती नेहमीच्या गाडीने आली आणि मागे बसून नुसती ऐकत राहिली. त्या माझ्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

अशाच एका रविवारी भारनियमनाची वेळ नसताना वीज गेली. छापून आणलेल्या तीन तक्रारी जवळ होत्या. त्या मी मराठीत समजावून सांगू लागलो आणि सवयीने म्हणालो, शेवटची ओळ एकच आहे, म्हणजे तिन्ही एकच. दर्शन घेऊन निघालेले एक वयस्क कामगार दाराशी ऐकत थांबले होते. अंगात खाकी गणवेश होता.

"शेवटी सारखंच दिसनार साहेब," ते म्हणाले. "आमच्याकडं बी मशीन बंद पडलं का एकच लाल दिवा लागतो, कारनं लय असत्यात. आधी काय केलं व्हतं ते बघा. तुमचा एक जन म्हनतो, झोपलेलं मशीन उठवलं तवा झालं. बाकीच्या दोघांचं तर चालूच व्हतं." चपला पायात सरकवत त्यांनी सहज पुढे म्हटलं, "आन ऑपरेटरवर ढकलायच्या आधी त्याला शिकवलं कोनी, ते इचारतो आम्ही."

ते गेले. त्यांना सुनंदाचं काहीच ठाऊक नव्हतं. मंदिरात नंतर बऱ्याच जणांना विचारलं, पण त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांना कोणी पाठवलं याचा वाद मी घालत नाही.

वीज आल्यावर सगळ्यांसमोर मी प्रमुखांना पत्र लिहिलं. नियम माझा, चूक माझी, सुनंदाने फक्त माझं ऐकलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. तिचा अधिकार परत मिळाला आणि माझा काढला गेला. वाचून आधी रडू आलं, मग फार दिवसांनी शांत झोप लागली.

माझा अधिकार परत मिळायला वर्ष लागलं. तोवर वर्ग सुनंदा घ्यायची आणि तिने दिलेल्या तक्रारी मी पहिल्या ओळीपासून वाचायचो. झाल्या गोष्टीवरून ती मला एका शब्दाने टोचून बोलली नाही. आता काही मागायचं झालं तर मी एवढंच म्हणतो, तुला योग्य वाटेल तसं कर. त्या महिन्यात दत्तगुरूंनी माझं मागणं ऐकलं नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.